काही न करण्याची फी

आमच्याकडे बाळ झालं की लोक आधी रंग बघतात, मग नाक, आणि वर्षभरानं ते उभं राहायला लागलं की पाय. रंग आणि नाक यांवर निदान घरातल्या घरात कुजबुज होते. पायांवर मात्र कोणीही बोलू शकतं. लिफ्टमधल्या काकू, भाजीवाला, लग्नात शेजारच्या खुर्चीवर येऊन बसलेला अनोळखी माणूस. "पोट्टीचे पाय फेंगडे दिसून राहिले हो." आणि कारणही लगेच हजर. डायपर घालता म्हणून. कडेवर फार घेता म्हणून. घाईनं उभं केलं म्हणून. मालिशवाली बरोबर नाही म्हणून. कारण कोणतंही निघो, आरोपी एकच असते, आणि ती तिथेच बाळाला घेऊन उभी असते.

आमच्या मुलीच्या बाबतीत तर दोन्ही बाजूंनी बोलून झालं. वर्षाची होती तेव्हा दोन गुडघ्यांमध्ये मूठ जाईल एवढी फट होती. दोनाच्या आसपास पाय सरळ दिसायला लागले, आम्ही सुटलो म्हटलं. साडेतीनची झाली तेव्हा गुडघे एकमेकांना टेकायला लागले आणि फट खाली घोट्यांमध्ये गेली. पळताना गुडघे घासत, मधेच धडपडे. सासूबाई काटोलकडच्या. त्या रोज आंघोळीनंतर तिला पुसताना बघायच्या आणि एक दिवस म्हणाल्या, "आंधी बाहेर गेले होते, आता आत आले. असं कसं व? एकदा डॉक्टरले दाखवून तं आण."

त्यांच्या या "दाखवून आण"मागे काय होतं ते मला माहीत होतं. त्यांच्या पिढीत लहान मुलाचा पाय म्हटलं की पहिला विचार पोलिओचाच. त्यांचा एक चुलतभाऊ आयुष्यभर एका पायाला लोखंडी पट्टी बांधून चालला. ताप आला, दोन दिवस अंगावर काढला, तिसऱ्या दिवशी सकाळी पाय उचलेना. ही गोष्ट विदर्भातल्या कितीतरी घरांत याच शब्दांत सांगितली जाते. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. हे मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग दाखवाले काय जाते?"

म्हणून धंतोली.

नागपुरात आजार कोणताही असो, रस्ता शेवटी धंतोलीत किंवा रामदासपेठेत येतो. नाहीतर मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांत. आता मिहानकडे एम्सही आहे. धंतोलीत संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळाली की अर्धं काम झालं असं समजायचं. लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांकडे बाहेर बसायला बाकं आणि बाकांवर अख्खा मध्य भारत. बालाघाटचे, छिंदवाड्याचे, गोंदियाचे, देसाईगंजहून पहाटेच निघालेले. हिंदी-मराठी एकमेकांत मिसळलेली, डबे उघडलेले. आणि तिथे बसल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. प्रत्येक आई-बाप दुसऱ्याच्या लेकराच्या पायांकडे बघत असतात. चोरून, पण नीट. आपल्यापेक्षा जास्त आहे की कमी, याचा हिशेब चाललेला. मीही तेच केलं.

आत गेल्यावर डॉक्टरांनी आमच्याकडे फारसं बघितलंच नाही. मुलीची लेगिंग आणि सँडल काढायला लावली आणि तिला सांगितलं, त्या टोकाला काका बसलेत त्यांच्याकडून माझा पेन घेऊन ये. ती गेली, आली. मग पेन परत देऊन ये. पुन्हा गेली, पुन्हा आली. "चालून दाखव" म्हटलं की मुलं चालत नाहीत, नाटक करतात, असं ते म्हणाले. मग टाचा उचलून उभं केलं. एरवी तिचे तळवे फरशीला पूर्ण टेकायचे, चवड्यावर उभी राहिल्याबरोबर आतल्या बाजूला छान कमान उमटली. पालथं झोपवून पाय बाहेर-आत फिरवून बघितले. गुडघे जुळवून घोट्यांमधलं अंतर टेपनं मोजलं. मनगटं चाचपली. उंची लिहून घेतली. दात कधी आले, टाळू कधी भरली, ड व्हिटॅमिनचे थेंब दिले होते का, उन्हात खेळते का, एकाच पायावर पडते का. आणि मग आमच्या यजमानांना म्हणाले, "तुम्ही जरा पँट वर करा बघू." यांनी गुडघ्यापर्यंत पँट सरकवली. डॉक्टरांनी एक नजर टाकली, नुसतं हसले. हे अजून त्या हसण्यावर नाराज आहेत.

मग कागदावर एक रेघ काढून समजावलं. बाळ पोटात घडी घालून बसलेलं असतं, त्यामुळे जन्मतः पाय बाहेरून गोल असतात. दीड-दोन वर्षांत ते सरळ होतात. तिथे थांबत नाहीत, उलट बाजूला झुकतात. तीन-चार वर्षांच्या सुमारास गुडघे सगळ्यांत जास्त जवळ येतात. मग हळूहळू परततात आणि सातच्या आसपास मोठ्या माणसासारखे होतात. फिनलंडमधल्या दोघा डॉक्टरांनी हजाराहून जास्त मुलांच्या पायांचे कोन मोजून १९७५ मध्ये ही रेघ मांडली, आणि जगभरचे हाडांचे डॉक्टर अजून तिचाच आधार घेतात. म्हणजे आमची मुलगी कुठे चुकली नव्हती. ती रेघेवरून अगदी वेळापत्रकाप्रमाणे चालली होती. डायपरचा संबंध नाही. कडेवर घेण्याचा तर नाहीच. कडेवर बसताना मांड्या फाकलेल्या राहतात, ते खुब्याच्या सांध्याला चांगलंच असतं. वाईट असतं ते पाय सरळ दाबून घट्ट गुंडाळणं.

"मग आता करायचं काय?" यांनी विचारलं.

"काही नाही. दूध, भाजी, ऊन, खेळ. सहा महिन्यांनी या. तोवर महिन्या-दोन महिन्यांनी एक फोटो काढून ठेवा, गुडघ्याच्या वाट्या समोर करून, तेवढ्याच अंतरावरून."

"एक्सरे?"

"कशाला? दोन्ही पाय सारखे आहेत, उंची बरोबर आहे, वय बरोबर आहे."

परत येताना पंचशील चौकाच्या सिग्नलला यांचं सुरू झालं. काही न करण्याचे एवढे पैसे? निदान कॅल्शियमची बाटली तरी द्यायची. मला हे बोलणं नवीन नव्हतं. दवाखान्यातून रिकाम्या हातानं बाहेर पडायची आपल्याला सवयच नाही. चिठ्ठीवर चार ओळी असल्या की डॉक्टरनं लक्ष दिलं, आणि एकही नसली की गुंडाळलं. पण मी विचार करत होते, त्या पंधरा-वीस मिनिटांत त्या माणसानं जेवढं बघितलं तेवढं आम्ही साडेतीन वर्षांत बघितलं नव्हतं. आणि एवढं बघून झाल्यावर "काही नाही" म्हणायला जी हिंमत लागते ती बाटली लिहायला लागत नाही. बाटली लिहिली असती तर सातव्या वर्षी पाय सरळ झाल्यावर श्रेय बाटलीला गेलं असतं. आम्ही चार जणांना नावही सांगितलं असतं. लहान मुलांच्या पायांवरचे कितीतरी उपाय याच न्यायानं नाव मिळवून बसले आहेत. होणारं होतं आणि जवळ जो उभा असेल त्याला हार पडतो.

यात सगळ्यांत वरचा नंबर बुटांचा. बाहेर बाकावर एक जण भेटली होती, पिशवीतून बूट काढून दाखवत होती. जाड तळव्याचे, आत उंचवटा, घोट्यापर्यंत चामडं, आणि वजन एवढं की चार वर्षांचं लेकरू ते घालून कैद्यासारखं चाललं असतं. कुठल्यातरी दुकानात मुलाचा सपाट तळवा बघून दिले होते, वर्षाला नवा जोड. मुलाला काही दुखत नव्हतं, पळत होता, चवड्यावर उभं केलं की कमान येत होती. म्हणजे आमच्या मुलीसारखंच. अमेरिकेत १९८९ मध्ये एक अभ्यास छापून आला. सपाट पायांच्या मुलांचे गट केले, काहींना खास बूट, काहींना आत घालायचे साचे, काहींना काहीच नाही. तीन वर्षांनी बघितलं तर सगळ्यांच्याच कमानी सारख्या सुधारल्या होत्या. १९९२ चा अभ्यास तर आपल्याच देशातला, कर्नाटकातल्या डॉक्टरांचा. त्यांनी चार ते तेरा वर्षांच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेतले. बूट-चपला वापरणाऱ्यांत सपाट पाय ८.६ टक्के निघाले, अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के. आणि पुढून बंद बुटांपेक्षा चपला-सँडल बऱ्या. म्हणजे ज्या कमानीसाठी आपण बूट विकत घेतो ती अनवाणी पायाला जास्त चांगली फुटते. नागपुरात मे महिन्यात गच्चीवर अनवाणी जा असं कोणी म्हणणार नाही, पण घरात फरशीवर, सकाळी मैदानात, एवढं तर होतं. मी त्या बाईंना एवढंच म्हटलं की आत गेल्यावर बुटांचं आवर्जून विचारा. जास्त बोलायचा अधिकार माझा नव्हता.

आता याची दुसरी बाजू. त्याच बाकावर, भिंतीकडे, एक अगदी लहान आई बसली होती. मांडीवर दोन-तीन महिन्यांचं बाळ, दोन्ही पायांना मांडीपर्यंत पांढरं प्लॅस्टर. जन्मतःच दोन्ही पावलं आत वळलेली. इंग्रजीत याला क्लबफूट म्हणतात, दवाखान्यात सगळे तेच म्हणतात. हजारात एखाद्या बाळाला असतं. यावरचा उपाय स्पेनच्या मिनोर्का बेटावर १९१४ मध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत आयोवामध्ये काम केलेल्या इग्नासिओ पोन्सेती यांनी बसवला. दर आठवड्याला पाऊल हातानं थोडं थोडं वळवायचं आणि प्लॅस्टर घालायचं. साधारण पाच-सहा प्लॅस्टर, मग बहुतेकांच्या टाचेमागच्या शिरेला एक बारीकसा छेद, आणि पाऊल सरळ. मोठी चिरफाड नाही. जितकं लवकर सुरू कराल तितकं सोपं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात याचा समावेश आहे. तो कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरलाच सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं आणि पुढचे उपचार मोफत होतात.

पण प्लॅस्टर हा सोपा भाग. अवघड भाग नंतर घरी सुरू होतो. एका दांडीला जोडलेले दोन बूट पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर, आंघोळीपुरते काढायचे. त्यानंतर रात्री झोपताना, चार वर्षांचं होईपर्यंत. पाऊल तर सरळ दिसतंय, बाळ रडतंय, शेजारी येऊन म्हणतात, "काहून लेकराले छळता, झालं न बरं." आणि बूट माळ्यावर जातात. पाऊल परत वळण्याचं सगळ्यांत मोठं कारण हेच आहे. त्या मुलीची सासू सोबत होती आणि तिचा प्रश्न अगदी हाच होता, की बूट कधी बंद करायचे. अजून बूट मिळालेही नव्हते.

मी त्या दोन बायांच्या मधे बसले होते. एकीच्या पिशवीत नको असलेले बूट, दुसरीच्या घरात हवे असलेले बूट टिकतील की नाही याची खात्री नाही. आपलं हे असं आहे. जिथे थांबायला हवं तिथे आपल्याला उपाय हवा असतो आणि जिथे उपाय चिकाटीनं चालवायला हवा तिथे आपण "होईल आपोआप" म्हणतो. दोन्हीकडे कारण प्रेमच असतं, म्हणून समजावणं कठीण जातं.

आणि थांबायचं म्हणजे डोळे मिटून थांबायचं, असं नाही. आमच्या भागात तर नाहीच. नागपूरचं ऊन जगाला माहीत. मे महिन्यात पारा पंचेचाळीस ओलांडतो, आणि तरी इथल्या मुलांमध्ये ड जीवनसत्त्व कमी निघतं. कारण सरळ आहे. ऊन लागेल म्हणून सकाळी दहा ते संध्याकाळी पाच पोरं कूलरसमोर. उरलेल्या वेळेत शाळा, ट्यूशन, मोबाईल. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन कितीही झगझगीत असो, ते या कामाचं नाही. आईच्या दुधात ड फार कमी असतं, म्हणून बाळाला पहिल्या वर्षी रोज ४०० युनिटचे थेंब द्यायला बालरोगतज्ज्ञ सांगतात. ते अर्ध्या घरांत दोन महिने चालतात. ड कमी पडून हाडं मऊ होतात तो मुडदूस म्हणजे जुन्या काळातला आजार असं आपल्याला वाटतं, पण तो गेलेला नाही. पाय वाकडे, मनगटं जाड, दात उशिरा, टाळू उशिरा भरलेली, उंची मागे. असं असेल तर ते रेघेवरचं पाऊल नव्हे. तिथे रक्त तपासायचं, मनगटाचा किंवा गुडघ्याचा एक्सरे काढायचा आणि औषध घ्यायचं, डॉक्टरच्या मापानं. सहा-सहा लाख युनिटची इंजेक्शनं मनानं घेणं हा वेगळाच धोका.

यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे तर दिसतातच, पण जेवणात कॅल्शियम कमी असलं तर वाढत्या मुलांचे गुडघेही आत येतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी आंध्रातल्या गावांत हे बघून १९७३ मध्येच लिहून ठेवलं होतं. अशा गावातून आलेल्या आईला डॉक्टर पायांआधी विहिरीचं विचारतात ते त्यामुळे.

रात्रीच्या दुखण्याचंही असंच. आमची पाच वर्षांची झाली तेव्हा रात्री उठून "पाय दुखतात" म्हणून रडायची. सासूबाई तिळाचं तेल कोमट करून पोटऱ्या चेपून द्यायच्या, दहा मिनिटांत झोप. सकाळी अंगणात लंगडी खेळायला हजर. दोन्ही पाय, संध्याकाळी-रात्री, सांध्यात नाही तर स्नायूंत, सकाळी काही नाही, सूज नाही, ताप नाही. असं असेल तर तेल आणि आजी पुरे. पण एकच पाय, एकच जागा, सकाळीही दुखतंय, लंगडतंय, ताप किंवा वजन कमी होतंय, तर तेलावर थांबू नये. आणि विदर्भात आणखी एक. इथे सिकलसेल, आई-बापाकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार, घरोघरी माहीत असायला हवा, पण नाव निघालं की लोक विषय बदलतात, पोरीच्या लग्नाचं कसं होईल म्हणून. सहा महिन्यांच्या, वर्षाच्या बाळाची हाताची-पायाची बोटं सुजून ते पाय टेकू देत नसेल, मोठ्या मुलाच्या पायांत पुन्हा पुन्हा कळा येत असतील, डोळे पिवळट दिसत असतील, तर आधी थेंबभर रक्ताची ती चाचणी. १ जुलै २०२३ पासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, सरकारी आरोग्य केंद्रांत ही तपासणी होते. याला "वाढीचं दुखणं" म्हणून वर्ष घालवलेली मुलं मी बघितली आहेत.

आता सगळे मलाच विचारतात. एकदा दवाखान्यात जाऊन आलेला माणूस गल्लीत अर्धा डॉक्टर होतो. बहुतेकांना मी फोटो काढायला सांगते आणि वय विचारते. मध्यंतरी मात्र समोरच्या काकूंनी नातवाचा व्हिडिओ दाखवला. तान्ह्या पोळ्याचा. लाकडी बैल ओढत, डोक्याला फेटा, सगळे हसतायत, आणि सव्वा वर्षाचं पोरगं डावीकडे झुकत चाललंय. दर पावलाला त्याच बाजूला. "नवीन नवीन चालून राहिला न, म्हणून डुलते," काकू म्हणाल्या. "दुखते काय?" "नाही बाप्पा, मस्त पळते."

दोन्हीकडे सारखं डुललं असतं तर मीही नवशिक्याचं चालणं म्हटलं असतं. पण हे एकाच बाजूला होतं. मी काकूंना म्हटलं, उद्याच जा, खुब्याचा एक्सरे काढतील. आणि सहज विचारलं, मालिशवाल्या बाई कधी काही बोलल्या होत्या का? काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. बोलल्या होत्या. तीन महिन्यांचा असतानाच त्या म्हणाल्या होत्या, याची एक मांडी कमी फाकते, डॉक्टरले विचारा. तिचं काय ऐकायचं म्हणून कोणी विचारलं नाही.

खुबा निखळलेलाच होता, जन्मापासून. पहिल्या काही महिन्यांत कळलं असतं तर पट्ट्यांवर भागलं असतं. आता भूल देऊन सांधा बसवावा लागला. छातीच्या खालपासून पायांपर्यंत प्लॅस्टर आहे, दोन्ही पाय फाकवून, मधे दांडी. तो त्यातही हसतो, खातो, बहिणीची पुस्तकं फाडतो. काकूंची आत्ताची अडचण वेगळीच आहे. तसा आडवा धरला तर तो ऑटोच्या दारातून आत जात नाही, आणि पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. मी आमच्या कारची मागची सीट पाडून माप घेऊन ठेवलंय. उशा लावल्या तर बसेल.